दुसऱ्या बाजूची शिट्टी

इंदिरानगर, बेंगळुरू
२० जुलै २०२५

ती. प्रेमाताईस,

साष्टांग नमस्कार. गुडघ्यांमुळे तो उभ्याउभ्याच घातलाय, तू आडवा समजून घे.

परवा तुझे तीन फोन येऊन गेले. उचलले नाहीत म्हणून लगेच तोंड फुगवू नकोस. इथल्या फोनचं काही खरं नाही, निम्मे शब्द वाटेतच गळतात. तुला मोबाइलवर टाइप करणं जमत नाही आणि मला व्हिडिओवर तुझं नुसतं कपाळ बघायचा कंटाळा येतो. तेव्हा मी ठरवलंय की पूर्वीसारखी पत्रं लिहायची. मी कॉलेजला पुण्यात होतो तेव्हा तू लिहायचीस तशी, चार पानी, तीन पानं उपदेश.

बातमी अशी की निवृत्तीला नऊ वर्षं झाल्यावर मला नोकरी लागली. हसू नकोस. आमच्या सरकारी कंपनीत माझ्या हाताखाली रविकुमार म्हणून एक मुलगा होता, तो नोकरी सोडून धंद्यात गेला. त्याने इथल्या पीण्या औद्योगिक वसाहतीत कारखाना काढलाय, गाण्याच्या तबकड्यांचा. आपल्या घरी होत्या तशाच काळ्या, मोठ्या. त्या परत आल्यात म्हणे, तरुण पोरं हौसेनं घेतात. रविकुमारला आठवलं की मोटरला नुसती सळई लावून कानाशी धरली की कुठलं बेअरिंग जाणार ते मी सांगायचो. घरी आला, पाया पडला आणि म्हणाला, सर, तुमचा कान मला द्या. मिरजेच्या तंबोरेवाल्याचा मुलगा, कान सोडून देण्यासारखं माझ्याकडे दुसरं आहे काय? दिला.

काम सोपं आहे. बाहेरून साचा येतो. त्यावर आधी पाच तबकड्या काढतात. त्या मी एका खोलीत बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायच्या आणि कागदावर सही करायची. माझी सही झाल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. मेट्रोने जातो, मॅजेस्टिकला बदलतो, अकराच्या कॉफीला पोचतो.

आत्ताचं काम ऐकून तू कानावर हात ठेवशील. बेल्जियममधल्या कोळशाच्या खाणीच्या गावातली चार पोरं. पंच्याऐंशी साली त्यांनी एक रेकॉर्ड काढलं, हेवी मेटल. बॅंडचं नाव टोरेनवाख्ट, म्हणजे बुरुजावरचा पहारेकरी. रेकॉर्डचं नाव ‘ब्लॅक हिल संडे’. पाचशे प्रती निघाल्या, बॅंड मोडला, गाणारा वारला. पण जगभरच्या वेड्यांनी कॅसेटवर उतरवून उतरवून ते जिवंत ठेवलं. आता तिथलीच एक छोटी कंपनी चाळीस वर्षांनी ते पुन्हा काढतेय, एक हजार प्रती, प्रत्येकीवर नंबर. कव्हरवर कोळशाच्या कचऱ्याची काळी टेकडी आणि तिच्यापुढे ही चौघं, एकेकाच्या डोक्यावर मेंढराएवढी लोकर.

आणि ताई, मला ते आवडलं. पहिल्या गाण्याला खुर्ची हलते, दुसऱ्याला बरगड्या. बाबा असते तर मला घरातून हाकलून दिलं असतं.

एक गंमत सांगून पत्र पुरं करतो. तिथे तबकड्या दाबायच्या प्रेसवर वाणी नावाची एक बाई आहे. पस्तिशीची असेल. घरची मराठी, पण इथलीच, पिढ्यान्‌पिढ्या चिकपेटेत राहिलेली. तिची मराठी म्हणजे अर्धी कानडी. माझी सही झाली, मशीन सुरू झालं, तर ही बाई मशीन थांबवून माझ्या खोलीत. ‘सर, स्वल्प ऐका की. दुसऱ्या साइडला बारीक शिट्टी येतीय.’ मी म्हटलं, ‘बाई, हे हेवी मेटल आहे, यात शिट्ट्या, किंकाळ्या सगळंच असतं. तू आधी मराठी धड बोलायला शीक, मग कानाच्या गोष्टी कर.’ दाराशी जमलेले सगळे हसले. तीही हसली बिचारी आणि गेली.

बाकी ठीक. ईशान आणि सूनबाई ऋचा मजेत.

तुझा
पदू

—

मिरज
३ ऑगस्ट २०२५

चि. पदू,

आशीर्वाद आहेतच, ते पत्रात घालून झिजवत नाही.

पत्र मिळालं. अक्षर अजून चांगलं आहे, एवढं एक बरं. नोकरीचं वाचून आनंद झाला, पण मी काय दूधखुळी आहे का रे? फोन बिघडला असेल तर ऋचाशी बोलताना तो बरा कसा चालतो? गेल्या महिन्यात मी तिला विचारलं तर म्हणाली, बाबा इथेच बसलेत, देते. मग तू घेतलास. मी विचारलं गुडघा कसा आहे, तू म्हणालास, ‘हो हो, चार दिवस झाले, सारखा पडतोय.’ मला क्षणभर कळेना की गुडघा कसा पडतो. मग कळलं, तू पावसाचं सांगत होतास. माझं बोलणं तू ऐकतच नव्हतास.

मला कारण माहीत आहे, उगाच आडपडदा नको. बाबांची हत्यारं मी तुला न विचारता बिंदुमाधवला दिली, त्याचा राग आहे तुझ्या मनात. कानशी, रंधे, तारांखालच्या घोड्यांचा डबा, सगळं दिलं. दिलं, कारण तो तंबोरे करतो आणि तू करत नाहीस. माळ्यावर गंजत पडली होती. तुला विचारायला हवं होतं, ते चुकलं माझं. पण म्हणून बहाद्दरा, फोनवर हो हो करत दुसरीकडे बघत बसायचं? आपण दोघंच उरलोय. भांडायचं तर नीट भांड.

त्या वाणीची तुझी गंमत मी दोनदा वाचली. मला काही हसू आलं नाही. ती मशीन थांबवून आली होती, असं तूच लिहिलंयस. चालू मशीन थांबवायला पगारी माणसाला किती धीर लागतो ते तुला कळायला हवं, चाळीस वर्षं कारखान्यात काढलीस. तू परत लावून ऐकलंस का? ते लिहिलेलं नाहीस.

तिकडे हवा थंड असेल, मफलर वापर. गोडलिंबाची चटणी पाठवतेय, ऋचाला सांग बाटली कोरडी ठेवायला.

तुझी
ताई

—

इंदिरानगर
१६ सप्टेंबर २०२५

ताई,

उत्तराला उशीर झाला, क्षमस्व. चटणी संपली. हत्यारांचा राग वगैरे काही नाही. बिंदुमाधवकडे गेली हे उत्तम झालं, शपथ घेऊन सांगतो. तू डोक्यातून काढून टाक.

इकडे जरा घोटाळा झालाय. त्या हजार तबकड्या बेल्जियमला पोचल्या आणि आठ दिवसांत तक्रार आली. दुसऱ्या बाजूला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक बारीक शिट्टी आहे म्हणे. त्या बॅंडचा गिटारवाला हयात आहे, बासष्ट वर्षांचा. त्याने कंपनीला लिहिलेलं पत्र रविकुमारने मला वाचायला दिलं. लिहितो की चाळीस वर्षं वाट पाहिली, पहिली प्रत घरी आली, सगळ्यांना बोलावलं, तबकडी लावली, आणि बायको उठून स्वयंपाकघरात गेली, किटली राहिली की काय गॅसवर म्हणून. पुढे त्याने काही रागाचं लिहिलेलं नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

रविकुमारने मला विचारलं, सर, तुमच्या पाच तबकड्यांत होती का शिट्टी? मी म्हटलं, नव्हती. त्या काढा, लावून बघू, म्हणाला. नियमाने त्या कपाटात असायला हव्यात. मी म्हटलं, माझं ऐकून झाल्यावर मी त्या दळायला टाकल्या, पुन्हा वापरायच्या प्लास्टिकच्या दाण्यांत गेल्या. मग निष्कर्ष असा निघाला की साचा आधी चांगला होता आणि प्रेसवर जास्त तापवल्यामुळे बिघडला. प्रेस वाणीकडे होता. मी तिचं नाव घेतलं नाही, ताई. मी फक्त एवढंच म्हणालो की उष्णतेनं असं होऊ शकतं. तांत्रिकदृष्ट्या ते चूक नाही.

तिला काढलं. तक्रारीच्या कागदावर कारणाच्या रकान्यात तिचं नाव लिहून बेल्जियमला पाठवलं. जाताना ती माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली होती थोडा वेळ. काहीतरी म्हणालीसुद्धा. मी मान हलवली.

झालं ते झालं. धंद्यात असं होतं. तू यावर काही लिहू नकोस, मला बरं वाटत नाहीये सध्या.

पदू

—

मिरज
२२ सप्टेंबर २०२५

पदू,

तू लिहू नकोस म्हणालास म्हणून लगेच लिहायला बसले. भात करपला तरी उठणार नाही.

तुझी तिन्ही खोटी बोलणी मी ओळखली. फोन खराब आहे, हे पहिलं. शिट्टी नव्हती, हे दुसरं. तिसरं ते तबकड्या दळल्याचं. त्याबद्दल मला पुरावा नाही, पण लहानपणी आंबा चोरलास की तू न विचारता नियम सांगायचास, तसाच सूर आहे. हत्यारांवरून तू रुसलायस असं मी मूर्खासारखं मनात धरून बसले होते. तू रुसला नव्हतास. पदू, तुला ऐकू येत नाही.

मला हे फार आधी कळायला हवं होतं, कारण मी हे एकदा पाहिलंय. तुला न सांगितलेलं एक सांगते.

बाबांना एकोणऐंशीपासून वरचे सूर ऐकू येईनासे झाले. तू तेव्हा नुकताच बेंगळुरूला लागला होतास. खर्ज कळायचा, पण जवारीत जो बारीक झणकारा असतो तो नाही. घोडीवर कानस एक हात जास्त फिरली की तंबोरा मेला, तुला ठाऊक आहे. बाहेर दुकानात बाबा घासायचे आणि तार छेडायचे. आत मी खलबत्त्यात काहीतरी कुटत बसायची. जवारी लागली की मी कुटायची थांबायची. मी थांबले की बाबा कानस खाली ठेवायचे. आमच्यात एका अक्षराने हे ठरलेलं नव्हतं. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. सहा वर्षं मिरजेच्या त्या तंबोऱ्यांची जी कीर्ती झाली ती माझ्या कानाची. गिऱ्हाइकं बाबांच्या पाया पडायची आणि मी त्यांच्यासाठी चहा टाकायची. घरात कायम इतकी दाण्याची चटणी का असते, हे तू सुट्टीत येऊन विचारायचास.

तर मला बहिरा माणूस कसा वागतो ते शिकवू नकोस. तो आधी हसतो, मग मान हलवतो, मग दुसऱ्याला वेड्यात काढतो.

त्या बाईचा पोटाचा प्रश्न आहे, त्याहून मोठा तिच्या नावाचा. बरोबर ऐकलं म्हणून तिची नोकरी गेली. तू उद्या जा आणि त्या रविकुमारला सांग. चारचौघांत सांग. बहिरेपणाची लाज वाटून घेऊ नकोस, म्हातारपणी दात जातात तसे कान जातात. लाज वाटायचीच तर दुसऱ्या गोष्टीची वाटू दे, ती कुठली ते मी लिहायला नको.

ताई

—

इंदिरानगर
३ ऑक्टोबर २०२५

ताई,

बाबांबद्दल असं लिहायला नको होतंस. गेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही. आणि माझ्या कानाला काही झालेलं नाही. या वयात थोडं

हे वाक्य तीन दिवस असंच पडून होतं. पुढे काय लिहिणार होतो ते आता आठवत नाही, आठवायचंही नाही.

त्या पाच तबकड्या घरी आहेत. माझ्या पलंगाखाली, चादरीत गुंडाळून. नियम मोडून मी त्या आणल्या, कारण मला त्या ऐकायला आवडत होत्या. खरं सांगतो ताई, चार वर्षांपासून तंबोरा मला ऐकू येतो तो नुसता धुरासारखा. तार छेडलेली दिसते, सूर कळत नाही. शास्त्रीय गाणं लावलं की मी ठेका बघून मान डोलावतो. एवढ्या वर्षांत हेच पहिलं रेकॉर्ड होतं जे माझ्यापर्यंत पोचलं, पोटातून, पायातून. तंबोरेवाल्याचा मुलगा हेवी मेटल ऐकत बसतो, कारण बाकी काही ऐकूच येत नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. ऋचाने दोन वर्षांपूर्वी कानाचं मशीन आणून दिलं, ते कपाटात आहे.

तुझं पत्र आल्यावर घरी कुणी नसताना दुसरी बाजू लावली. मला तीच ती धडधड. तेवढ्यात ऋचा बाहेरून आली आणि चपला न काढताच आत धावली. परत आली तेव्हा म्हणाली, ‘बाबा, कुकर नाहीये लावलेला. मग ही शिट्टी कसली?’ मी रेकॉर्ड बंद केलं.

खंडेनवमीला कारखान्यात आयुधपूजा झाली. प्रत्येक मशीनला झेंडूच्या माळा, केळीचे खुंट, कुंकू भरलेला कोहळा फोडला, चुरमुरे वाटले. वाणीच्या प्रेसला दुसऱ्याच कुणी हार घातला. सगळे एकत्र उभे होते. रविकुमार काहीतरी बोलला आणि सगळे हसले, म्हणून मीही हसलो. नंतर बघतो तर सगळे माझ्याकडे बघतायत. त्याने मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं.

सांगायला याहून चांगली वेळ मिळाली नसती. चाळीस माणसं समोर. मी काय बोललो माहीत आहे? यंत्राची सेवा हीच खरी पूजा, असलं काहीतरी. टाळ्या पडल्या. मग मी मुतारीत जाऊन उभा राहिलो, किती वेळ कोण जाणे. मला स्वतःचं तोंड आरशात बघवेना.

‘यापुढे माझ्याशी बोलू नकोस’ असं तू म्हणालीस तरी मी समजू शकेन.

पदू

—

मिरज
११ ऑक्टोबर २०२५

पदू,

बोलेन. उलट मीच तुला एक देणं लागते, अर्धंच सांगितलं होतं.

पंच्याऐंशी साली, तुझी ती पोरं तिकडे रेकॉर्ड करत होती त्याच साली, कोल्हापूरचे एक बुवा तंबोऱ्यांची जोडी न्यायला आले होते. मी चहा घेऊन बाहेर आले. बुवांनी सहज विचारलं, मुलीला शिकवलंत की नाही? बाबा म्हणाले, ‘पोरींना कुठला कान असतो.’ माझ्या हातात कपबशा होत्या. मी त्या ठेवल्या, आत गेले आणि कुटायला लागले. बाबा घासत होते. जवारी अजून लागली नव्हती, बरीच बाकी होती. मी थांबले.

मुद्दाम थांबले, पदू. बाबांनी कानस खाली ठेवली. दहा दिवसांनी बुवांनी ती जोडी भर दुकानात परत आणली आणि सहा माणसांदेखत म्हणाले, विश्वासराव, हे काय दिलंत? बाबांनी आत दाराकडे पाहिलं. एकदाच. दसऱ्याला त्यांनी दुकान बंद केलं. डोळे गेले म्हणून बंद केलं असं आपण सगळ्यांना सांगत आलो. तुलाही मी तेच लिहिलं होतं.

मी कधीच कबूल केलं नाही. ते गेले तेव्हा त्यांच्या उशाशी सोळा दिवस बसले होते, रोज मनाशी म्हणायची की आज सांगते. त्यांना ऐकू येत नव्हतं, ही मी स्वतःला घातलेली समजूत. ओरडून सांगता आलं असतं, लिहून दाखवता आलं असतं. चाळीस वर्षं झाली, अजून दुपारी कुणाच्या घरी कुटल्याचा आवाज आला की मी उठून खिडकी लावते.

म्हणून तुला उपदेश करायचा मला अधिकार नाही, हे माहीत आहे. तरी करते. माझं माणूस गेलं. तुझं जिवंत आहे.

ताई

—

इंदिरानगर
१६ नोव्हेंबर २०२५

ताई,

तुझं पत्र मी कुणाला दाखवलेलं नाही, दाखवणार नाही. त्याबद्दल मी काय लिहू? बाबांनी म्हटलं ते चूक होतं, तू केलंस ते चूक होतं आणि तुझ्या जागी मी असतो तर खलबत्ता रस्त्यावर फेकला असता. तू सहा वर्षं कुटत बसलीस. मला तेव्हा यातलं काही कळलं नाही याचीही मला शरम वाटते. दर वर्षी सुट्टीला येऊन चटणी खाऊन जात होतो.

आता इकडचं. तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात दिवाळी होती, ती मध्ये घालून मी आणखी दहा दिवस काढले. भित्रा माणूस सणांच्या आड फार छान लपतो. मग एका सोमवारी पाचही तबकड्या पिशवीत घातल्या, ऋचाने आणलेलं मशीन कानात अडकवलं आणि पीण्याला गेलो. रविकुमारला म्हटलं, सगळ्यांना बोलाव. तो म्हणाला, सर, आत बसून बोलू. मी नको म्हटलं. प्रेसजवळच एक जुना प्लेअर असतो, त्यावर दुसरी बाजू लावली. मशीन लावूनही मला ती अगदी अंधुक आली, आली की भास झाला ते सांगता येणार नाही. पण समोरच्यांची तोंडं मी पाहिली. पहिल्या पाच सेकंदांत पॅकिंगच्या दोन मुलींनी एकमेकींकडे बघितलं. तेवढं मला पुरलं.

मी सांगितलं की मला चार वर्षांपासून नीट ऐकू येत नाही, ते लपवून मी नोकरी घेतली, साचा पहिल्यापासून सदोष होता, वाणीने ते ओळखलं होतं, आणि नंतर मी खोटं बोललो. हिंदीत सांगितलं, मग मोडक्या कानडीत परत सांगितलं, कुणाचं राहायला नको म्हणून. रविकुमारच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याचा मला फार त्रास झाला. त्याने शिव्या द्यायला हव्या होत्या. मग तो हळूच म्हणाला, सर, मला विचारायचं तरी होतंत, मी तुम्हाला दुसरं काही काम दिलं असतं. हेच सगळं लिहून, सही करून बेल्जियमला मेलवर पाठवलं. उलट टपाली त्यांचं उत्तर आलं. नवा साचा करतायत. गिटारवाल्याने विचारलंय की ज्या बाईला ऐकू आलं होतं तीच यावेळी ऐकून पास करेल का.

हा निरोप घेऊन मी वाणीला शोधायला निघालो. चिकपेटेत तिच्या घरी तिची आई तुंगाबाई भेटली. तिने मला बसायलाही सांगितलं नाही, बरोबरच केलं. एवढंच म्हणाली की ती आता बोम्मसंद्र्याला जाते, औषधांच्या पॅकिंगला. पहाटे साडेपाचला निघते.

नवी मेट्रो थेट बोम्मसंद्र्यापर्यंत जाते. गेलो. तिच्या कारखान्याच्या फाटकाशी उभा राहिलो. पाळी सुटली, बसगाड्या, हॉर्न, शेकडो माणसं. त्या गदारोळात कानातलं मशीन नुसतं खरखरत होतं. ती दिसली, तिनेही मला पाहिलं. वळून जाईल असं वाटलं, पण आली. मी बेल्जियमला लिहिलेल्या पत्राची प्रत तिच्या हातात दिली. तिने ती उभ्याउभ्या वाचली, दोनदा वाचली असावी. मग मी गिटारवाल्याचा निरोप सांगितला. ती काहीतरी म्हणाली.

आणि ताई, मी मान हलवली. ‘सरी, सरी,’ म्हटलं, आपण ‘बरं, बरं’ म्हणतो तसं. सवयीने. तोंडातून शब्द गेला आणि मग ध्यानात आलं. मी म्हटलं, ‘वाणी, मला ऐकू आलं नाही. मी उगाच मान हलवली. परत सांग.’

तिने हातातलं पत्र खाली घेतलं. मग जवळ येऊन, आजूबाजूची माणसं वळून बघतील एवढ्या मोठ्याने म्हणाली, ‘मी तीन वेळा सांगितलेलं, सर.’

मला फक्त एकच वेळ आठवत होती, ती मशीन थांबवून आली होती ती. तुला गंमत म्हणून लिहिली होती ती. त्याआधी दोनदा आली होती म्हणे. एकदा रेकॉर्ड चालू असताना माझ्या दारात उभी राहून सांगितलं, एकदा दुसऱ्या दिवशी कॉफीच्या वेळी. दोन्ही वेळा मी हसून ‘सरी, सरी’ म्हणालो. तिला वाटलं, साहेबांना पटलं, साचा परत जाणार. घरी जाऊन आईलाही सांगितलं तिने, की माझं ऐकलं म्हणून. मग माझ्या सहीचा कागद आला. म्हणून ती मशीन थांबवून धावत आली होती. तेव्हा मी तिच्या मराठीवरून सगळ्यांना हसवलं.

मी इतके दिवस समजत होतो की मी एका बाईला एकदा उडवून लावलं. मी तिला दोनदा हो म्हटलं होतं आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

परत येणार नाही म्हणाली. इथे पगार कमी आहे, पण इथे कुणी हसत नाही. कागदावरचं नाव मात्र खोडायला हवं होतं, ते खोडलंत, सरी. एवढं बोलून पत्राची घडी घालून तिने पर्समध्ये ठेवली, आईला दाखवायला. मी हात जोडले. माफ कर म्हणायला तोंड उघडलं, तर तिने हातानेच थांबवलं.

‘ते नको, सर,’ ती म्हणाली, तितक्याच मोठ्याने. ‘शिट्टी होती म्हणा.’

मी म्हटलं, होती.

‘तुम्हाला ऐकू आली?’

मी म्हटलं, ‘नाही. पण होती.’

तिने मान हलवली. मग तिची बस आली.

तुझा
पदू